फोर्कलिफ्टचे फोर्क आपोआप खाली का येतात? उत्तर आहे सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या एका सुताराकडे

साकीनाका मेट्रो स्टेशनवरून खाली उतरून खैरानी रोडकडे वळलात की दोन्ही बाजूंना गाळेच गाळे. पॅकिंगवाले, लेथवाले, प्लास्टिक मोल्डिंगवाले, भंगारवाले. या भागात एखादी वीस-पंचवीस वर्षं जुनी फोर्कलिफ्ट दिसली तर त्यात नवल काही नाही. नवी घ्यायची म्हणजे लाखांचा खर्च, म्हणून जुनीच दुरुस्त करून करून वापरली जाते. आणि जुन्या फोर्कलिफ्टची नेहमीची तक्रार ठरलेली असते. दोन टनांचा पॅलेट वर उचलून ठेवला, इंजिन बंद केलं, दहा मिनिटांनी बघितलं तर फोर्क वीतभर खाली आलेले. लिव्हरला तर कोणी हातही लावलेला नाही. मिस्त्री एक नजर टाकतो आणि बहुतेक वेळा दोन शब्दांत निकाल देतो, सील गेलं.

हे सील म्हणजे जेमतेम काही रुपयांची, नाहीतर काहीशे रुपयांची एक रबरी किंवा पॉलियुरेथेनची चकती. तिचा छेद घेतला तर इंग्रजी यू अक्षरासारखा दिसतो. ती नसती तर फोर्कलिफ्ट नसती, जेसीबी नसता, गॅरेजमधला जॅक नसता, आणि आपल्याकडचं जिनिंग-प्रेसिंगही आजच्यासारखं नसतं. तिच्यामागे दोन माणसं आहेत. एकाचं नाव पुस्तकात आहे, दुसऱ्याला आठवड्याला तीस शिलिंग पगार होता. आज पहिल्याची गोष्ट सांगतो, पण ती सांगताना दुसरा येणारच.

पहिल्याचं नाव जोसेफ ब्रामा. ऐकायला आपल्या ब्रह्मदेवासारखं वाटतं, पण माणूस पक्का इंग्रज.

शेतकऱ्याचा मुलगा, सुताराचा शिकाऊ

ब्रामाचा जन्म १७४८ चा, इंग्लंडच्या यॉर्कशायर भागात बार्न्सलीजवळच्या एका खेड्यात. बाप शेतकरी, मुलगाही शेतीच करणार हे ठरलेलं. सोळाव्या वर्षी घोट्याला दुखापत झाली आणि पाय कायमचा अधू झाला. नांगरामागे दिवसभर चालणं शक्य नाही म्हणून त्याला गावातल्या सुताराकडे शिकायला ठेवलं. शिकणं संपल्यावर हा पठ्ठ्या त्याच अधू पायाने चालत लंडनला गेला आणि तिथे कपाटं-टेबलं बनवायच्या धंद्याला लागला.

त्या काळात लंडनच्या श्रीमंत घरांमध्ये पाण्याचे संडास बसवायची टूम निघाली होती. अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ मध्ये अशा संडासाचं पेटंट घेतलं होतं. ते लाकडी चौकटीत बसवायचं काम सुतारांकडे यायचं आणि ब्रामाही ते करत होता. दहा-बारा ठिकाणी जाऊन एकच वस्तू बसवली की तिचा दोष कुठे आहे ते आपोआप कळतं. कमिंगच्या संडासात खाली एक सरकणारी झडप होती. ती नीट बंद व्हायची नाही आणि थंडीत गोठून अडकायची. ब्रामाने तिच्याऐवजी बिजागरीवर फिरणारी झडप लावली आणि १७७८ मध्ये स्वतःचं पेटंट घेतलं. संडास हजारोंनी विकले गेले. सुतार कारखानदार झाला.

हसू नका. ब्रामाच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा धागा इथेच दिसतो. हा माणूस जन्मभर एकाच प्रश्नाशी झगडला. वस्तू बंद असेल तेव्हा पूर्ण बंद राहिली पाहिजे आणि उघडायची असेल तेव्हा सहज उघडली पाहिजे, हे जमवायचं कसं? आधी संडासाची झडप, मग कुलूप, मग हायड्रॉलिक प्रेस. तिन्हींत भांडण गळतीशीच. फोर्कलिफ्टच्या लिव्हरखाली जो कंट्रोल व्हॉल्व्ह असतो, त्याचंही काम एवढंच असतं.

दुकानाच्या खिडकीतलं बग बाउंटी

१७८४ मध्ये ब्रामाने कुलपाचं पेटंट घेतलं. नळीसारखी गोल चावी, तिच्या टोकाला वेगवेगळ्या खोलीच्या खाचा, आणि आत तेवढ्याच सरकपट्ट्या. प्रत्येक पट्टी अगदी ठरलेल्या खोलीपर्यंत दाबली गेली तरच कुलूप फिरणार. एक जरी पट्टी थोडी कमी किंवा थोडी जास्त दाबली गेली तरी सगळं ठप्प.

लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावरच्या त्याच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवलेलं असायचं. शेजारी पाटी, की जो हे कुलूप उघडायचं हत्यार बनवेल त्याला दोनशे गिनी बक्षीस. आज ॲपमधली फट शोधून देणाऱ्याला कंपन्या पैसे देतात, त्याला आम्ही बग बाउंटी म्हणतो. ही कल्पना आमच्या क्षेत्राने शोधली असं समजणाऱ्यांनी पिकॅडिलीची ती पाटी लक्षात ठेवावी.

कुलूप कागदावर छान होतं, पण बनवणं महाकठीण. प्रत्येक पट्टी हाताने कानस मारून बनवायची आणि थोडा जरी फरक पडला तरी ती फुकट. त्यामुळे कुलपं महाग पडायची आणि वेळेत तयार व्हायची नाहीत. १७८९ मध्ये कोणीतरी ब्रामाला वूलिचच्या सरकारी शस्त्रकारखान्यातल्या एका पोराचं नाव सुचवलं. हेन्री मॉड्सले, वय १८. बाराव्या वर्षापासून तिथे कामाला, आधी काडतुसं भरायचा, मग सुतारकाम, मग लोहारकाम. एवढ्या लहान पोराला ठेवायला ब्रामा आणि त्याचे कारागीर कचरत होते. अशी गोष्ट सांगतात की मॉड्सलेला परीक्षा म्हणून एक झिजलेला, मोडका व्हाइस देण्यात आला आणि तो संध्याकाळी सुट्टी व्हायच्या आत दुरुस्त करायचा होता. त्याने तो केला आणि नोकरी मिळवली.

पुढे मॉड्सलेने कुलपाचे भाग बनवायची यंत्रंच बनवली. एकसारख्या पट्ट्या, एकसारख्या खाचा, तेही पटापट. काही वर्षांतच तो अख्ख्या वर्कशॉपचा मुख्य झाला.

पास्कलची आयडिया, ब्रामाची प्रेस

आता मुद्द्याच्या यंत्राकडे येऊ. द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो, हा नियम फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलने मांडला. तो १६६२ मध्ये वारला आणि त्याचं याबद्दलचं लिखाण पुढच्या वर्षी छापून आलं. एका भांड्याला दोन तोंडं, एक लहान आणि एक त्याच्या शंभरपट मोठं, तर लहान तोंडावर एक माणूस मोठ्या तोंडावरच्या शंभर जणांना भारी पडेल, हे त्याने स्पष्ट लिहून ठेवलं होतं.

शाळेत आपण हे पाठ करतो आणि विसरतो, म्हणून एक हिशेब करू. पंपाचा दट्ट्या एक सेंटिमीटर व्यासाचा आणि वर उचलणारा दट्ट्या वीस सेंटिमीटर व्यासाचा घ्या. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर ठरतं, म्हणजे मोठा दट्ट्या चारशेपट. तुम्ही दहा किलोचा जोर लावलात तर पलीकडे चार हजार किलो उचललं जाईल. फुकट मात्र काही मिळत नाही. मोठा दट्ट्या एक सेंटिमीटर वर जायला लहान दट्ट्या एकूण चार मीटर खाली दाबावा लागतो. गॅरेजमध्ये जॅकचा दांडा पोरगा इतक्या वेळा का हलवतो, ते इथे कळतं.

मग पास्कलनंतर एकशे तीस वर्षं कोणी ही प्रेस बनवली का नाही? कारण नियम सोपा आहे, पाणी आत कोंडून ठेवणं अवघड आहे. ब्रामाने १७९५ मध्ये पेटंट घेतलं. त्यात नुसती दाबायची प्रेस नव्हती, एका जागची ताकद पाइपातून दुसऱ्या जागच्या यंत्रापर्यंत नेता येईल हा विचारही होता. फोर्कलिफ्टमध्ये नेमकं तेच होतं. पंप असतो इंजिनाजवळ आणि जोर लागतो पुढे मास्टमध्ये, दोघांच्या मध्ये फक्त होज पाइप.

सगळं अडलं होतं एका फटीपाशी

प्रेस तयार झाली आणि गळायला लागली. दट्ट्या सिलिंडरमधून वर यायचा तर दोघांमध्ये थोडी फट हवीच, आणि दाब चढला की पाणी त्याच फटीतून बाहेर. त्या काळचा उपाय म्हणजे फटीत ताग किंवा चामडं ठासून वरून बोल्टने आवळायचं. थोडं आवळलं तर गळायचं. गळणार नाही इतकं आवळलं तर दट्ट्या असा घट्ट बसायचा की दाब काढला तरी खाली येईना. म्हणजे उचललेला माल उतरवायचाच कसा?

इथे जे सुचलं त्याचं श्रेय मॉड्सलेला दिलं जातं. पुढे जेम्स नॅस्मिथ या त्याच्या हाताखाली काम केलेल्या इंजिनिअरने हे सांगितलं आणि सॅम्युअल स्माइल्सने १८६३ च्या पुस्तकात ते नोंदवलं. उपाय असा: चामड्याची एक कडी घ्यायची, तिला पन्हळीसारखा आकार द्यायचा आणि पन्हळीचं तोंड दाबाच्या बाजूला ठेवायचं. पाण्याचा दाब चढला की पाणी पन्हळीत शिरतं आणि तिचे दोन्ही ओठ फाकवतं. एक ओठ दट्ट्यावर चिकटतो, दुसरा सिलिंडरच्या भिंतीवर. दाब जितका जास्त तितका ओठ घट्ट. दाब उतरला की ओठ सैल पडतात आणि दट्ट्या सुरळीत खाली येतो.

थोडं थांबून हे पुन्हा वाचा. जो दाब गळती घडवत होता, त्यालाच गळती थांबवायच्या कामाला लावलं. बाहेरून बोल्ट आवळायची गरजच संपली. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतली सर्वात हुशार कल्पना ही आहे, पास्कलच्या नियमाइतकीच मोठी. फरक एवढाच की नियमाला माणसाचं नाव मिळालं आणि या कडीला नुसतं सील म्हणतात.

आता साकीनाक्यातल्या गाडीवर या. दोन टनी फोर्कलिफ्टच्या मास्टमध्ये साखळी आतल्या मास्टवरच्या पुलीवरून जाते, त्यामुळे दट्ट्या एक फूट वर गेला की फोर्क दोन फूट वर जातात. वेग दुप्पट मिळाला तर जोरही दुप्पट लागणार. म्हणजे दोन टन मालासाठी दट्ट्यांना चार टन पेलावे लागतात. दोन सिलिंडर असतील आणि प्रत्येकाचा दट्ट्या पाच सेंटिमीटर व्यासाचा असेल, तर तेलाचा दाब येतो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०२ किलो. मास्टचं स्वतःचं वजन यात धरलेलंच नाही. कारच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या हा साधारण ४५ पट झाला. एवढा दाब त्या यू आकाराच्या ओठावर तोललेला असतो. ओठ झिजला, कडक पडला किंवा चिरला की तेल वाट काढतंच.

पण फोर्क खाली येतात म्हणजे दरवेळी सिलिंडरचंच सील गेलं असं नाही, आणि पैसे वाया जातात ते इथे. चांगला मिस्त्री आधी शोधतो की तेल कुठून निसटतंय. माल थोडासाच वर उचलायचा, इंजिन बंद करायचं, मास्टवर खडूने खूण करायची आणि दहा मिनिटं थांबायचं. त्या वेळात खाली किंवा जवळ कोणी उभं राहायचं नाही. मग सिलिंडरच्या डोक्याशी, जिथून दट्ट्या बाहेर येतो तिथे बघायचं. तिथे ओलं असेल तर वरचं सील गेलं, विषय संपला. तिथे कोरडं आहे आणि तरी फोर्क उतरतायत, तर तेल आतल्या आत पळतंय. मग संशयित दोन, सिलिंडरच्या आतल्या पिस्टनचं सील किंवा कंट्रोल व्हॉल्व्हचा स्पूल. बऱ्याच सिलिंडरना वरच्या बाजूने टाकीकडे जाणारी एक परतीची नळी असते. फोर्क पूर्ण जमिनीवर टेकवून, दाब उतरवून मिस्त्री ती सोडतो, तिचं तोंड बादलीत ठेवतो, मग पुन्हा माल उचलून बघतो. नळीतून तेल येत राहिलं तर पिस्टनचं सील, नाही आलं तर व्हॉल्व्ह. मास्ट आपोआप पुढे झुकत असेल तर ते वेगळं दुखणं, तिथे टिल्ट सिलिंडर बघायचे.

हे न करता सरळ सील किट बदलणारेही आहेत. महिन्याभरात पुन्हा तेच. कधी दोष व्हॉल्व्हमध्ये असतो, कधी दट्ट्याच्या क्रोमवर गंजाचे खड्डे किंवा ओरखडे पडलेले असतात. अशा दट्ट्यावर नवं सील चढवणं म्हणजे काचेच्या तुकड्यांवर नवी चप्पल घासणं. मुंबईच्या पावसात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला हा रोग हमखास होतो.

तीस शिलिंग

आता मॉड्सलेचं काय झालं ते ऐका. आठ वर्षं काम केलेलं, वर्कशॉपचा मुख्य, लग्न झालेलं, घरात मुलं. बायकोही ब्रामाच्याच घरी कामाला असलेली मुलगी. पगार आठवड्याला तीस शिलिंग. १७९७ मध्ये त्याने वाढ मागितली आणि ब्रामाने ती साफ नाकारली.

एक साधा गुणाकार करू. दुकानाच्या खिडकीतलं बक्षीस दोनशे गिनी, म्हणजे २१० पौंड. तीस शिलिंग म्हणजे दीड पौंड. जे कुलूप कोणी उघडू शकणार नाही अशी ब्रामाला खात्री होती, त्यासाठी त्याने मॉड्सलेचा १४० आठवड्यांचा पगार बाजूला ठेवला होता. आणि ते कुलूप वेळेत, खात्रीने बनवून देणाऱ्याला आठवड्याला चार शिलिंग जास्त द्यायला हात आखडला. ब्रामा वाईट माणूस होता असं मला वाटत नाही. पण आजही कितीतरी ऑफिसात हेच चालतं, जाहिरातीला बजेट असतं आणि ज्याच्या जिवावर प्रॉडक्ट चालतं त्याच्या अप्रेझलला नसतं.

मॉड्सले निघाला आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळ स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं. पुढे त्याने अचूक आटे पाडणारा लेथ बनवला, पोर्ट्समथच्या गोदीत जहाजांच्या कप्प्या बनवणारी यंत्रांची अख्खी रांग उभी केली, आणि इंग्लंडमधले पुढच्या पिढीचे सगळ्यात नावाजलेले यंत्रकार त्याच्या हाताखाली तयार झाले. ब्रामाचा हा तोटा पैशात मोजता येणार नाही.

शेवटची वर्षं

ब्रामा मात्र थांबला नाही. बिअर तळघरातून वर खेचायचा पंप, लाकूड रंधणारं भलंमोठं यंत्र, बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांवर नंबर छापायचं यंत्र, पिसाच्या लेखण्यांची टोकं कापायचं यंत्र. आयुष्यभरात एकूण १८ पेटंट. गंमत म्हणजे जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाच्या पेटंटवरून कोर्टात भांडण पेटलं, तेव्हा हाच पेटंटप्रेमी गडी वॉटच्या विरुद्ध बाजूने उभा राहिला.

हायड्रॉलिक प्रेस गवताच्या आणि कापडाच्या गठ्ठ्यांसाठी वापरात आली. ब्रामाने तिचंच एक रूप झाडं मुळासकट उपटायला बनवलं. १८१४ च्या हिवाळ्यात हॅम्पशायरच्या होल्ट जंगलात ते काम चाललं होतं आणि ६६ वर्षांचा ब्रामा स्वतः थंडीत उभा राहून देखरेख करत होता. तिथेच सर्दी झाली, ती छातीत उतरली आणि ९ डिसेंबर १८१४ ला तो गेला.

त्याच्या शेवटच्या काळात कारखान्यात जोसेफ क्लेमेंट नावाचा मुख्य ड्राफ्ट्समन होता. मालक गेल्यावर तो मॉड्सलेकडे गेला आणि नंतर स्वतंत्र झाला. चार्ल्स बॅबेजच्या डिफरन्स इंजिनाचे, म्हणजे कॉम्प्युटरच्या पणजोबाचे, सुटे भाग याच क्लेमेंटने बनवले. संडासवाल्या सुतारापासून बॅबेजपर्यंत मध्ये फक्त एक माणूस, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पुन्हा तपासून बघितलं होतं.

कुलूप उघडलं, पूल पडता पडता वाचला

खिडकीतलं ते आव्हानाचं कुलूप ब्रामा जिवंत असेपर्यंत कोणी उघडलं नाही. १८५१ मध्ये लंडनच्या मोठ्या प्रदर्शनासाठी आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपवाल्याने ते आव्हान घेतलं. १६ दिवसांत मिळून ५१ तास खटपट करून त्याने ते उघडलं आणि दोनशे गिनी नेल्या. कुलूप आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

त्याच्या दोन वर्षं आधीची एक घटना फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवी. वेल्समध्ये ब्रिटानिया पूल बांधताना रॉबर्ट स्टीफन्सन हजारो टनांच्या लोखंडी नळ्या हायड्रॉलिक प्रेसने वर उचलत होता. ऑगस्ट १८४९ मध्ये एका प्रेसच्या सिलिंडरचा तळ फुटला. निसटलेला तुकडा खाली आला आणि शिडीवर असलेला एक कामगार जिवाला मुकला. पण अख्खी नळी मात्र काही इंचच खाली आली, कारण नळी जशी वर जाईल तसा तिच्याखाली आधार भरत जायचा, असा स्टीफन्सनचा हट्ट होता. पाण्याच्या भरवशावर त्याने एक फूटही सोडला नव्हता.

आपल्याकडे मात्र मास्ट वर करून त्याखाली डोकं घालून बघणारे महाभाग रोज दिसतात. फोर्क वर असताना काम करायचंच असेल तर मास्टच्या आडव्या पट्टीखाली मजबूत लाकडी ठोकळा किंवा साखळी लावा, निव्वळ तेलावर जीव टांगू नका. दुसरी गोष्ट, होजमधून बारीक फवारा येतोय असं वाटलं तर हाताने चाचपडू नका. सुईएवढ्या भोकातून इतक्या दाबाने आलेलं तेल कातडी फोडून आत शिरतं. वरून नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो आणि बोट किंवा हात गमवायची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून गळती शोधा. आणि तेल टोचलंच तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा.

आपल्याकडे ही प्रेस कशी आली

महाराष्ट्रात ब्रामाची प्रेस आली ती कापसामुळे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या. कापूस हलका आणि फुगीर, तसाच भरला तर जहाजात जागाच उरायची नाही. त्यामुळे दाबून गाठी बांधणं हा मोठा धंदा झाला. खानदेश आणि वऱ्हाडातल्या गावोगावी दिसणाऱ्या जिनिंग-प्रेसिंगमधलं प्रेसिंग ते हेच. आज १७० किलोची गाठ हायड्रॉलिक प्रेसखाली बांधली जाते, तेव्हा आत तोच पास्कल, तोच ब्रामा आणि तीच मॉड्सलेची कडी असते. फक्त पाण्याच्या जागी तेल आलं आणि चामड्याच्या जागी रबर. तेल आल्याने गंज कमी झाला आणि पंपाला वंगणही मिळालं.

साकीनाक्याच्या जवळच विक्रोळीत १९६० च्या दशकापासून गोदरेजने फोर्कलिफ्ट बनवल्या. आजूबाजूच्या गाळ्यांमध्ये होज क्रिम्प करून देणारे, दट्ट्याला क्रोम चढवून देणारे, सिलिंडर होनिंग करणारे लोक आहेत. तुम्ही तिथे होज घ्यायला गेलात की पहिला प्रश्न येतो बीएसपी का? हे बीएसपी म्हणजे ब्रिटिश पाइपांचे आटे. त्यांचा ५५ अंशांचा कोन जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये सुचवलेल्या आट्यांवरून आला. आणि हा व्हिटवर्थ तरुणपणी मॉड्सलेकडे आणि मग क्लेमेंटकडे काम करून गेलेला! अमेरिकन पाइपांचे आटे ६० अंशांचे असतात. दोन्ही सुरुवातीचे काही फेरे एकमेकांत बसतात, म्हणून घाईत चुकीची जोडी आवळली जाते, वर टेप गुंडाळला जातो आणि मग तिथून तेल झिरपत राहतं. जुन्या गाडीत आधीच्या कोणी असा जुगाड केलेला असू शकतो, तेव्हा गळती सांध्यावर असेल तर आधी आटे मोजा.

बाकीची दुखणी लवकर सांगून टाकतो. फोर्क वर जाताना झटके बसतात किंवा पंप किंचाळतो, तर बहुधा तेल कमी आहे, नाहीतर टाकीतली जाळी तुंबून पंप हवा ओढतोय. तेलाची पातळी फोर्क पूर्ण खाली असतानाच बघायची. तेल दुधासारखं पांढरं झालं असेल तर त्यात हवा किंवा पाणी शिरलंय. रात्रभर थांबून निवळलं तर हवा, नाही निवळलं तर पाणी, मग तेल बदला. ४६ नंबरचं घालायचं की ६८ नंबरचं हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, दुकानदाराला विचारायचं नाही. रिकामे फोर्क वर जातात आणि माल घातला की अडतात, तर रिलीफ व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय किंवा पंप झिजलाय. इथे एक वाईट सवय आहे, रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू अर्धा फेरा आवळून काम चालवायचं. त्याने माल उचलला जाईलही, पण तो व्हॉल्व्ह दाब हद्दीबाहेर जाऊ नये म्हणूनच बसवलेला असतो. प्रेशर गेज लावल्याशिवाय त्याला हात लावू देऊ नका.

आणि सील बदलायची वेळ आलीच तर जुनं सील दुकानात दाखवून तसंच द्या म्हणू नका. वर्षानुवर्षं तेलात राहून ते फुगलेलं किंवा आकसलेलं असतं, त्याचं माप खोटं निघतं. दट्ट्याचा व्यास, खाचेचा व्यास आणि खाचेची रुंदी व्हर्नियरने मोजून घेऊन जा. बसवताना यूचं तोंड तेलाच्या बाजूला हवं. उलटं बसवलं तर ते पहिल्याच उचलीला गळेल.